क्लॅरिओनेटच्या चाव्या

मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या स्मरणिकेकरिता लेख मागितला, तेव्हा सनईविषयी लिहावे असा आमचा प्रथम विचार होता. परंतु सनईची थोरवी सांगणारे लेख या स्मरणिकेत वेळोवेळी आलेले आहेत, आणि ते लिहिणारे आमच्यापेक्षा अधिक जाणते होते. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांनी सनईच्या जोडीस आणखी एक वाद्य हाती धरले आणि त्यावर मुलांची शिक्षणे व मुलींची लग्ने पार पाडली; त्या वाद्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ते वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट. आमच्या नशिराबादेत त्यास 'क्लारनेट' म्हणतात, आणि ते वाजविणाऱ्यास नुसते 'बँडवाला' म्हणून मोकळे होतात.

या वाद्याच्या बाबतीत आमच्या हातून एक प्रमाद घडलेला आहे, तो आधी सांगून टाकतो. शिक्षकाच्या नोकरीस लागून आम्हांस दोन-चार वर्षेच झाली असतील. आमच्या आळीतील एक वृद्ध वादक चैत्राच्या दिवसांत ओट्यावर बसून आपले वाद्य नीट करीत होते. लग्नसराई तोंडावर आली होती. त्या काळ्या नळीच्या उजव्या अंगास असलेल्या दोन लहान चाव्या त्यांनी दोऱ्याने घट्ट बांधल्या होत्या आणि त्यांच्या कडेने मेण भरले होते. आम्ही पडलो शिकलेले. चारचौघांत म्हणालो, "बाबा, साहेबाने तेरा चाव्या दिल्या आणि तुम्ही त्यांतल्या दोन बांधून टाकल्या? वाजविता येत नसतील तर कोणाकडून शिकून घ्या की!" लोक हसले. बाबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, चावीनं सूर भेटतो, सुराकडे जायाची वाट नही भेटत."

या उत्तराचा अर्थ कळावयास आम्हांस बरीच वर्षे लागली. पुढे मिळेल तेथून या वाद्याची माहिती आम्ही गोळा करीत गेलो. बाबा आज हयात नाहीत. जे समजले ते त्यांच्या नातवंडांच्या वाचनात तरी यावे, म्हणून हा खटाटोप.

प्रथम, या वाद्यास इतक्या चाव्या लागतातच का, हे पाहिले पाहिजे. सनईस एकही चावी नसते आणि तिचे काही अडत नाही. भेद आहे तो नळीच्या घडणीत. सनईची नळी तोंडाशी निमुळती व खाली रुंदावत जाणारी असते. क्लॅरिओनेटची नळी बहुतेक लांबीपर्यंत एकाच रुंदीची असून केवळ शेवटास फुलासारखी उमलते. सनईची जिभाळी दुहेरी, क्लॅरिओनेटची वेताची पत्ती एकेरी. आता सारख्या रुंदीच्या आणि तोंडाशी बंद असणाऱ्या नळीचा स्वभाव मोठा विचित्र आहे. सनईवर मंद्र षड्ज धरून फुंक चढविली, की त्याच बोटांनी मध्य षड्ज निघतो. म्हणून सात-आठ छिद्रांवर एक सप्तक बसले की पुढच्या सप्तकास तीच बोटे उपयोगी पडतात. क्लॅरिओनेटवर मंद्र षड्ज धरून अंगठ्याची मागील चावी उघडली, तर मध्य षड्ज निघत नाही. तो ओलांडून एकदम मध्य सप्तकातील पंचम निघतो. म्हणजे मंद्र षड्जापासून मध्य सप्तकातील तीव्र मध्यमापर्यंत, कोमल-तीव्र धरून जे एकोणीस स्वर होतात, त्यांतील प्रत्येकाची बोटे निराळी हवीत. मनुष्यास बोटे दहा. त्यांतील उजवा अंगठा वाद्याचा भार तोलण्यात गुंतलेला. राहिली नऊ. नऊ बोटांवर एकोणीस स्वर कसे बसवावयाचे, हा हिशेब सोडविण्यात युरोपातील वाद्यकारांच्या पाच-सहा पिढ्या गेल्या. क्लॅरिओनेटचा इतिहास म्हणजे या हिशेबाचाच इतिहास होय.

जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी योहान ख्रिस्तोफ डेनर (१६५५–१७०७) नावाचे एक वाद्यकार होते. त्या काळी 'शालुमो' नावाचे एकेरी पत्तीचे लहान वाद्य प्रचारात होते, परंतु त्याची मजल खालच्या काही स्वरांपलीकडे जात नसे. इ. स. १७०० च्या सुमारास डेनर यांनी त्यात सुधारणा करून क्लॅरिओनेट सिद्ध केले, असे श्रेय त्यांस दिले जाते. या पहिल्या वाद्यास चाव्या अवघ्या दोन होत्या. एक पुढे डाव्या तर्जनीजवळ व दुसरी मागे अंगठ्याजवळ. नळी खालच्या स्वरांवरून वरच्या स्वरांवर उडी घेते ती या मागील चावीमुळे.

येथे एक गमतीची अडचण उभी राहिली. वाद्याचा सर्वांत खालचा स्वर आपण षड्ज मानू. सर्व छिद्रे व दोन्ही चाव्या उघडून चढत गेले, तर मध्य सप्तकातील शुद्ध मध्यमापर्यंत पोचता येत असे. तेथून नळीने उडी घेतली की पुढचा स्वर पंचम. मधला तीव्र मध्यम कोठेच नाही! यमन वाजविणाऱ्याने काय करावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. युरोपातील वादकांसही निराळ्या नावाने तोच प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर मात्र मोठे चातुर्याचे निघाले. नळी खालून थोडी वाढविण्यात आली, जेणेकरून षड्जाच्याही खालचा निषाद मिळावा. तो निषाद हा येथे खरा हेतू नव्हता. त्यास उडी दिली की नेमका हरवलेला तीव्र मध्यम हाती येतो, हा हेतू होता. वाढलेल्या नळीचे छिद्र बोटांच्या टप्प्याबाहेर गेले, म्हणून त्यास लांब दांड्याची तिसरी चावी आली. वरचा एक स्वर मिळविण्यासाठी नळी खालच्या टोकास वाढवावी लागली, ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा ती पटण्यासाठी आम्हांस पेटी पुढे घेऊन स्वर मोजावे लागले.

पुढे कोमल रिषभ व कोमल गांधार यांसाठी करंगळ्यांच्या दोन चाव्या आल्या आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाच चाव्यांचे क्लॅरिओनेट सर्वत्र रूढ झाले. थोर रचनाकार मोझार्ट यांनी १७९१ साली, म्हणजे आपल्या मृत्यूच्या वर्षी, आन्टोन श्टाडलर नावाच्या वादकासाठी क्लॅरिओनेटची जी प्रसिद्ध रचना केली, ती या चाव्यांच्या टंचाईच्या काळातील आहे. श्टाडलर यांचे वाद्य तेवढे खालून आणखी वाढविलेले होते. सहावी चावी कोमल धैवताची. पॅरिसचे लफेव्र यांनी ती १७९० च्या सुमारास बसविली असे मानतात. उरलेले कोमल-तीव्र स्वर वादक आडवी बोटे टाकून, म्हणजे मधले छिद्र उघडे ठेवून खालची झाकून काढीत. ते स्वर थोडे मंद व दबके येत. शिवाय स्वरपट्टी बदलली की सारे बोटांचे गणित अवघड होई, म्हणून प्रत्येक वादकाजवळ दोन-तीन निरनिराळी क्लॅरिओनेटे असावयाची. आपल्या पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर एक पांढरी एकचे, एक काळी पाचचे, एक पांढरी सहाचे.

मग चाव्याच का वाढविल्या नाहीत, असे कोणी विचारील. चावी म्हणजे त्या काळी एक सपाट पितळी पट्टी आणि तिच्या खाली कातड्याचा तुकडा. ती छिद्रावर कधीच पुरती बसत नसे. चावी एक वाढली की हवा गळण्याची जागा एक वाढली. तेव्हा चाव्या वाढविण्यास लोक नाखूश होते ते काही जुनेपणाच्या हट्टाने नव्हे.

ही कोंडी फोडली इवान म्युलर (१७८६–१८५४) यांनी. त्यांनी छिद्रांची तोंडे खोलगट करून घेतली, चाव्यांच्या टोकांस वाटीचा आकार दिला आणि त्या वाट्यांत मऊ कातड्याची, आत लोकर भरलेली पॅडे बसविली. ही पॅडे छिद्रावर घट्ट बसू लागली. गळती थांबली, आणि गळती थांबताच चाव्या मोकळ्या हाताने वाढविता येऊ लागल्या. म्युलर यांनी तेरा चाव्यांचे वाद्य केले. त्यांचे म्हणणे असे, की या एकाच वाद्यावर हवी ती स्वरपट्टी वाजविता येईल. तीन-तीन वाद्ये बाळगावयास नकोत. १८१२ साली त्यांनी ते पॅरिस येथील संगीतविद्यालयाच्या समितीपुढे ठेवले. समितीने ते नाकारले! कारण असे दिले, की निरनिराळ्या लांबीच्या वाद्यांचा ध्वनी निरनिराळा असतो. सर्वांच्या जागी एकच वाद्य आले तर ध्वनींची ती विविधता नष्ट होईल. इतिहासाने म्युलर यांच्या बाजूने कौल दिला आणि तेरा चाव्यांचे क्लॅरिओनेट युरोपभर पसरले. तरीही त्या समितीची हेटाळणी करावी असे आम्हांस वाटत नाही. सोयीपायी काही गमावले जाते का, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्यास असतोच.

म्युलर यांच्यानंतर या वाद्याच्या दोन वाटा झाल्या. आपल्या घरांतील वाद्य कोणत्या वाटेने आले हे त्यावरून कळते.

पहिली वाट म्युलर यांच्याच तेरा चाव्या सुधारीत पुढे नेणारी. ब्रसेल्स येथील आल्बेर (१८१६–१८९०) यांनी उजव्या हाताच्या छिद्रांभोवती कड्या घालून तेच वाद्य अधिक सुरेल केले. ही 'आल्बेर' पद्धत. इंग्रज लोक तीस 'सिंपल', म्हणजे साधी पद्धत म्हणत, आणि इंग्लंडात ती फार लोकप्रिय झाली.

दुसरी वाट पॅरिसची. म्युनिक येथील बोएम नावाच्या बासरीवादकाने १८३२ साली बासरीवर कड्यांची युक्ती बसविली होती. छिद्राभोवती धातूची कडी; बोट छिद्र झाकते तेव्हाच कडी खाली दबते, आणि तिला जोडलेला दांडा दूरचे दुसरे छिद्र झाकतो. एका बोटात दोन कामे. पॅरिसच्या संगीतविद्यालयातील अध्यापक क्लोझे आणि वाद्यकार बूफे या दोघांनी हीच युक्ती क्लॅरिओनेटवर नव्याने मांडली. ते वाद्य १८३९ साली प्रदर्शनात ठेवले गेले व १८४४ साली त्याचा हक्क नोंदविला गेला. त्यास सतरा चाव्या व सहा कड्या. बूफे यांनी चाव्यांखाली सुईसारख्या बारीक पोलादी कमानीही बसविल्या. आडव्या बोटांची गरज फार कमी झाली आणि प्रत्येक स्वर सारखा मोकळा वाजू लागला. आज जगातील बहुतेक देशांत हेच वाद्य चालते व त्यास 'बोएम पद्धत' म्हणतात. स्वतः बोएम यांनी क्लॅरिओनेटास हातही लावला नव्हता! कष्ट क्लोझे व बूफे यांचे, आणि नाव तिसऱ्याचे.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानात हे वाद्य आले ते प्रामुख्याने इंग्रजांच्या पलटणींबरोबर, आणि त्या पलटणींच्या बँडमध्ये चाल होती ती साध्या पद्धतीची. छावणीतून ते संस्थानांच्या बँडमध्ये गेले. तंजावरचे आपले दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी आपल्या दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड बाळगला होता. पुढे त्याच तंजावरच्या परिसरात, १८६० च्या सुमारास, महादेव नट्टुवनार यांनी क्लॅरिओनेट दक्षिणी नृत्याच्या साथीस आणले असे सांगतात. तेथून ते कर्नाटक संगीतात रुजले ते इतके, की त्याचे एक थोर वादक ए. के. सी. नटराजन यांस २०२२ साली पद्मश्री मिळाली. मूळचे ते नादस्वरमच्या परंपरेतील. म्हणजे आपल्या भाषेत सनईवालेच. आपल्या शेजारच्या रायचुरात पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी हिंदुस्थानी रागसंगीत याच वाद्यावर वाजविले.

उत्तरेत मीरत येथे १८८५ साली नादिर अली या लष्करी बँडमधील गृहस्थांनी सुरू केलेल्या पेढीपासून तेथे बँडच्या वाद्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. खेडोपाडीच्या पथकांपर्यंत वाद्ये पोचली ती अशा कारखान्यांमुळे. आमच्या लहानपणी नशिराबादेत अक्षता पडावयाच्या वेळी सनई आणि वरातीस बँड, अशी वाटणी ठरलेली असे. पुष्कळदा सकाळी मांडवात सनई वाजविणारा गृहस्थच रात्री वरातीत क्लॅरिओनेट घेऊन पुढे चाले. जळगावास कार्तिकी एकादशीचा श्रीरामाचा रथ पाहावयास गेलो तरी आमचे लक्ष वाजंत्र्यांकडेच अधिक असे.

सनईची बोटे क्लॅरिओनेटवर येताना काय घडले, हे सांगावयाचे तर मींडेविषयी बोलले पाहिजे. सनईवादक सूर बदलताना बोट उचलत नाही. ते छिद्रावरून हळूहळू सरकवितो. अर्धे छिद्र, पाव छिद्र, असे उघडत सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहत जातो. दरबारी कानड्यातील झुलणारा कोमल गांधार असाच निघतो, आणि आपल्याकडील लग्नगीतांतील हेल व लावणीतील मुरका हेही असेच निघतात. साध्या पद्धतीच्या वाद्यावर डाव्या हाताची छिद्रे बहुधा उघडीच असतात, त्यांभोवती कडी नसते. बोट लाकडावरून सरळ सरकते. बोएम वाद्यावर बहुतेक छिद्रांभोवती कडी आहे. बोट सरकू लागले की कडी वर उठते, तिला जोडलेले दूरचे छिद्र एकदम उघडते, आणि वाहता सूर मध्येच टप्पा घेतो. बोएमवर मींड येतच नाही असे कोणी समजू नये. कुशल वादक ओठांच्या दाबाने ती काढतात. परंतु सनईच्या घरात वाढलेल्या बोटांस ती वाट परकी.

बाबांनी दोन चाव्या का बांधल्या होत्या, ते आता ध्यानात येईल. त्या बाजूच्या चाव्या जलद कंपनासाठी व काही कोमल-तीव्र स्वरांसाठी असतात. ते स्वर बाबा अर्ध्या छिद्राने काढीत. चाव्यांची पॅडे मात्र उन्हाळ्यात वाळून गळती होई आणि सारे वाद्य बसके वाजे. ज्या गळतीने म्युलर यांच्या आधीचे वादक चाव्या नाकारीत होते, त्याच गळतीसाठी बाबांनी दोरा बांधला. उरलेल्या चाव्यांस त्यांनी सायकलच्या ट्यूबचे गोल तुकडे कापून पॅडे केली होती, आणि मोडलेल्या कमानीच्या जागी शिवणाची सुई बसविली होती. बूफे यांचे नाव त्यांनी ऐकलेले असणे शक्य नाही.

राहिला तो अडाणीपणाचा आरोप. जर्मनीत म्युलर यांची वाट सोडलेलीच नाही. बर्लिनचे ओहलर (१८५८–१९३६) यांनी त्याच पायावर अधिक चाव्यांचे वाद्य सिद्ध केले, आणि बर्लिनच्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंदात आजही जर्मन पद्धतीचेच क्लॅरिओनेट वाजते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे सिडनी बेशे (१८९७–१९५९) आल्बेर पद्धतीचे वाद्य वाजवीत. तुर्कस्तानचे वादक तर आजही पांढरी पाचचे जुन्या पद्धतीचे वाद्य पसंत करतात. त्यांच्याही गाण्यात मींड आहे. बर्लिनच्या वादकाने जुने धरले तर आपण त्यास परंपरेचा अभिमानी म्हणतो. नशिराबादच्या वादकाने धरले तेव्हा आम्ही त्यास चारचौघांत शिकवणी लावावयास सांगितले होते.

बाबांचे वाद्य त्यांच्या नातवाकडे आहे. तो जळगावास नोकरी करतो आणि हौसेने नवे बोएम वाद्य शिकतो; ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. गेल्या दिवाळीत त्याने दोन्ही वाद्ये आमच्यापुढे ठेवली. नव्यावर त्याने तिन्ही सप्तके सफाईने वाजवून दाखविली. नंतर आजोबांची चाल म्हणून वाजवावयास घेतली, तेव्हा थोड्याच वेळात नवे खाली ठेवून जुने उचलले. दोरा अजून तसाच होता.

वरातीत आता मोठ्या ध्वनियंत्रांच्या गाड्या येतात आणि पथके मोडत चालली आहेत. जुनी वाद्ये माळ्यावर पडून आहेत. काही भंगारात मोडीच्या भावाने गेली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या ज्ञातीतील ज्या घरी असे वाद्य असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी एवढे करावे. ओल्या फडक्याने पुसू नये, लाकूड तडकते. सुके फडके घ्यावे. चाव्या मोजाव्यात, छिद्रांभोवती कड्या किती व कोणत्या हाताकडे आहेत ते पाहावे. तेराच्या आसपास चाव्या आणि डाव्या हाताची छिद्रे मोकळी असतील तर ते साध्या पद्धतीचे. सतरा चाव्या व सहा कड्या असतील तर बोएम. नळीवर कोरलेले नाव वा शिक्का असल्यास उतरून घ्यावा. एखादी चावी बांधलेली अथवा मेणाने बुजविलेली असेल तर ती सोडू नये, तशीच असू द्यावी, आणि कोणती चावी ते लिहून ठेवावे. ही टिपणे मंडळाच्या कार्यालयात पाठविली तर आम्ही ती एका वहीत उतरवून घेऊ. नशिराबादेतील चार घरांची नोंद आम्ही केलेली आहे. त्यांपैकी तिघांच्या वाद्यांवर दोरा आहे, आणि तिन्ही ठिकाणी तो त्याच दोन चाव्यांवर आहे.